पुलाच्या पाटीवरचं नाव

नांदेडच्या जुन्या गोदावरी पुलावर, तो ज्यांनी बांधला त्या कामगारांच्या नावांची पाटी लागणार होती. आणि कमलम्माच्या आज्ज्याचं, ईश्वरप्पाचं नाव यादीतून खोडलं होतं. का, तर म्हणे वय बसेना.

पाटी लावणाऱ्या समितीचे बजरंग सर इतिहासातले दांडगे. पुलाच्या उर्दू शिळेवर कोरलंय 'खुर्दाद १३४०'. सरांनी ते हिजरी सन धरलं, म्हणजे इसवी १९२२. ईश्वरप्पाच्या समाधीवर जन्मसाल १९११. "अकरा वर्षांचं लेकरू कमानीचे दगड घडवत होतं व्हय?" सर भर सभेत म्हणाले आणि सभागृह खो खो हसलं.

कमलम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. बाई देगलूरची, सत्तरीची, पण जमिनीच्या तंट्यापायी वीस वर्षं तहसीलच्या पायऱ्या झिजवलेली. निजामाच्या वेळचे कागद तिनं इतके चाळले होते की वकिलानं तिच्याकडं शिकवणी लावावी. ती उठली.

"सर, हिजरीतले महिने सांगा बरं."

"मोहरम, सफर, रबी..."

"त्यात खुर्दाद कुठं हाय?"

सर बोटांवर पुन्हा पहिल्यापासून महिने मोजू लागले.

"न्हाई ना? खुर्दाद फसलीतला. निजामाचा सरकारी सन फसली. ही आमच्या शेतसाऱ्याची पावती, बघा, सन फसली आन् महिना खुर्दाद." तिनं पिवळा कागद टेबलावर ठेवला. "फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे. आन् खुर्दाद येतो उन्हाळ्यात, तवर इंग्रजी साल बदललेलं ऱ्हातं, म्हणून वर एक. करा बेरीज."

सरांनी केली. १९३१. म्हणजे ईश्वरप्पा तेव्हा वीस वर्षांचा चांगला धट्टाकट्टा गडी! हसणाऱ्यांची तोंडं आता बघण्यासारखी झाली होती.

पण सर मनाचे मोठे निघाले. "चुकलो बाई," ते उभं राहून म्हणाले. "त्याच चुकीच्या हिशेबानं मी आणखी तिघांची नावं खोडलीत."

"मग चौघांचीबी लिहा," कमलम्मा म्हणाली. "एकट्यानं पूल होत न्हाई."

पाटी लागली त्या सकाळी पडद्याची दोरी सरांनी तिच्याच हातात दिली. तिनं ती हिसका देऊनच ओढली. सातव्या ओळीत ईश्वरप्पा होता. तिनं ते नाव इतक्या मोठ्यांदा वाचलं की पुलावरचे रिक्षावाले थांबले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पदर काही तिनं डोळ्यांना लावला नाही. मग दम घेऊन तिनं उरलेल्या तिघांची नावंही तशीच, त्याच आवाजात वाचली.