गोवालची पाळणी

"बाळ हालनं का वं?" ताट हातात तसंच धरून मोतीबाईनं विचारलं.

"हाललं," रविना म्हणाली, तेव्हा कुठे ताट खाली टेकलं.

घाटातल्या दवाखान्याला लागून माहेरघर होतं. दिवस भरत आले की डोंगरातल्या बाया तिथे मुक्कामाला येत. मोतीबाई तिथली स्वयंपाकीण, मूळची सारंगखेड्याची. बाळ गप्प झालं तर जराही थांबायचं नाही, हे नर्स गायत्रीबाईंचं सांगणं तिनं असं मनावर घेतलं होतं, की विचारल्याशिवाय ती कुणाला वाढतच नसे.

रविनाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. म्हणून तर तिच्या नवऱ्यानं, गोवालनं, यंदा होळीची पाळणी, म्हणजे व्रत, धरली होती. कमरेला वाळके भोपळे, अंगभर राखेचे ठिपके, पाय अनवाणी. खाटेवर बसायचं नाही, बायकोच्या अंगाला हात लावायचा नाही, होळीच्या रात्री उजाडेपर्यंत नाचायचं. या खेपेला मूल जिवंत हाती यावं, एवढंच मागणं.

"तो माझ्यासाठी नाचणार, मावशी. अन् मी इथे बसू?"

"होळी दरसाल येस, माय. आठेच ऱ्हाय."

पण रविनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मोतीबाई विरघळली. पोरीला होळीपुरतं घरी सोडा, अशी गायत्रीबाईंना तिनंच गळ घातली. जीपमध्ये बसवताना तिनं रविनाचा हात तिच्याच पोटावर ठेवला. "आठे ध्यान ठेवजो."

रविनानं ध्यान ठेवलं होतं. होळीच्या सकाळीच तिनं घरात सांगितलं, बाळ गप्प आहे. सणामुळे जीप बंद, फोनला रेंज नाही. दारात गोवालची मोटारसायकल होती, पण मागे बसवायचं तर अंगाला अंग लागणार. पाळणी मोडली तर ते बाळावरच यायचं. सासू म्हणाली, यायच्या आधी मूल असं निजतंच. गोवाल बिचारा रात्रभर जीव तोडून नाचला. पहाटे होळीला फेरे घालून त्यानं पाळणी सोडली आणि अंगावरच्या ठिपक्यांसकट तिला घेऊन निघाला.

गायत्रीबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. ठोका सापडेना, तेव्हा त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं.

दुपारी मोतीबाई फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. गोवालला चार शब्द सुनवावेत असं तिच्या फार मनात होतं. पण पोरीला जीपमध्ये बसवलं कुणी? 

गोवालनं हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. "पाळणी सुटली ना, मावशी? आता लावला हात तर चालतं?"

"चालस, भाऊ. ले."

त्यानं बाळ छातीशी धरलं. पांढऱ्या फडक्याला राख लागली.

संध्याकाळी मोतीबाई रविनासाठी ताट घेऊन गेली. रविना भिंतीकडे तोंड करून पडली होती. सवयीचा प्रश्न मोतीबाईच्या ओठांवर आला. तो गिळून तिनं ताट खाली ठेवलं.