शेंदराची पट्टी

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा आरतीला वाटलं, संपलं, आता आपले तास गेले. अमरावतीच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर व्यवस्थापन शिकवायची, रोज अकोल्याहून ये-जा करून. अशी नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी. पण निघालं भलतंच. नव्या शैक्षणिक धोरणात बी.बी.ए.च्या पोरांना दुसऱ्या शाखेचा एक विषय घ्यावाच लागतो. त्यांनी 'संगीतशास्त्राची ओळख' घेतली होती आणि शिकवायला कुणी नव्हतं.

"तुमच्या बायोडाटात हार्मोनियम लिहिलंय, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "वर्ग टिकवा. तो टिकला तर तुमचे बाकीचे तासही टिकतील."

आता बायोडाटातल्या छंदांवर कुणी विश्वास ठेवतं का? पण अडला हरी! आरती हो म्हणाली.

पेटी तिला येत होती हे मात्र खरं. तिवशाजवळच्या तिच्या माहेरी वडील, भगवंतराव, भजनी मंडळाचे मुख्य गायक. शाळेत असल्यापासून आरती त्यांच्यामागे पेटी वाजवायची. गायची नाही. लहानपणी एकदा गायली होती. वरच्या सा ला गळा चिरला आणि बाबांनी चारचौघांत सांगून टाकलं, "तुले गळा नाई पोरी, तू पेटीच वाजव." त्यानंतर ती न्हाणीघरातसुद्धा गुणगुणली नाही. ते शब्द अजून आठवले की तिचे कान तापत.

पेटीवर सा कुठं, हा प्रश्न त्या गावात कुणाला कधी पडलाच नव्हता. 'काळी एक' म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, तिच्यावर शेंदराचा ठिपका होता. दसऱ्याला खंजिरी, टाळ आणि पेटी पाटावर मांडून पूजा व्हायची, तेव्हा तो ताजा केला जायचा. सगळं भजन तिथूनच सुरू. देवानंच सा तिथं नेमून दिलाय, अशी आरतीची पक्की समजूत.

म्हणून तिनं कॉलेजच्या पेटीलाही पहिल्याच दिवशी काळी एकवर नेलपॉलिश लावलं. पुस्तकात लिहिलं होतं, 'षड्ज (सा) कोणत्याही स्वरावर मानता येतो.' हे वाक्य तिनं पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी ते डोक्यावरून गेलं. कोणत्याही म्हणजे? उद्या प्रत्येक खात्यानं आपापल्या सोयीनं ऑफिस उघडलं तर कंपनी चालेल का? छापणाऱ्याचीच चूक असणार, असं ठरवून ती पुढं गेली.

वर्गात मुलं कशीबशी निभावून न्यायची. मुलींचा मात्र वरच्या सा ला आवाज फाटायचा, मागची बाकं हसायची, आणि एकेक मुलगी विषय बदलायचा अर्ज देऊ लागली. वर्ग ओस पडत चालला. माया नावाची एक चिवट पोरगी तेवढी रोज गळा फाडत होती. शेवटी आरती वैतागून म्हणाली, "माया, तुला गळाच नाही गं." बोलून गेल्यावर तिला कसंसंच झालं. पोरीचा चेहरा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाचा तास होता. आरती रंगात येऊन सांगत होती, "संस्थेत एखादा नियम का आहे, हे कुणालाच सांगता येत नसेल, तर एवढंच विचारा, तो पहिल्यांदा कुणाच्या सोयीसाठी केला?"

मायानं हात वर केला. "मॅडम, मंग थे काळी एक कोनाच्या सोयीची हाये?"



तास संपल्यावर तिनं संगीताच्या खोलीचं दार लावून घेतलं. नेलपॉलिशवरचं बोट उचलायलाही तिला भीती वाटत होती, देवाचा पाट सरकवल्यासारखी. ती डावीकडं सरकली, खालच्या सप्तकातल्या काळी चारवर थांबली आणि हळूच सा लावला. रे, ग, म. वरचा सा आला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले. गळा चिरला नाही. सूर लागला, आणि लागून राहिला. तिला रडू आलं, मग राग आला, आणि कशाचं काय चाललंय ते तिचं तिलाच कळेना.

सोमवारी मायाची माफी मागायची हे तिनं ठरवलं. त्याआधी शनिवारी ती माहेरी गेली, बाबांशी भांडायलाच. ते देवळाच्या ओट्यावर खंजिरी पुसत बसले होते. तिनं शेजारची पेटी ओढली आणि काळी चारवरून गायला लागली. आख्खं सप्तक, वर आणि खाली.

बाबांचा हात थांबला. "शेंदूर सोडून कुठं चालली, बाई?"

"बाबा, सा ज्याच्या त्याच्या गळ्यावर राहते. काळी एक तुमच्या गळ्याची हाये. लहानपनी मी तुमच्या सा वर गायली, म्हून माहा गळा चिरला!"

"माह्या गळ्याची?" बाबा तिच्याकडं बघत राहिले. "थो शेंदूर तं माह्या बापानं लावेल हाये."

आरतीला बाबांचं गाणं आठवलं. वरचा सूर लावताना बाबांच्या मानेच्या शिरा तटतटून फुगायच्या, तोंड लालबुंद व्हायचं. गाव म्हणायचं, काय भक्ती आहे!

"मले वाटे," बाबा चाचरत म्हणाले, "भजन म्हनलं का गळा दुखतेच."

भांडण तिच्या मनातच विरलं. बाबा सरकून पेटीजवळ आले, अगदी नव्या विद्यार्थ्यासारखे. "पाह्य बरं, माहा कोनता हाये?"

ती एकेक पट्टी खाली उतरू लागली. बाबा प्रत्येकीवर सा लावायचे, चढून बघायचे आणि मान हलवायचे. नाई. हेबी नाई. मग एका पांढऱ्या पट्टीवर ते वरच्या सा पर्यंत गेले, आणि मानेवर एकही शीर उठली नाही. त्यांनी गळ्याला हात लावून पाहिला.

"हेच धरून ठेव," ते म्हणाले.

आरतीनं बोट दाबून धरलं.