मधली मार्गिका

मी लोकांच्या कवळ्या बनवते. दिवसभर दुसऱ्यांच्या हसण्याची सोय करायची आणि संध्याकाळी बसमध्ये स्वतःचे दात आवळून उभं राहायचं, हा माझा धंदा. लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. अंतर तसं फार नाही, पण आमच्या मुख्य रस्त्यावर बस चालत नाही, सरकते. घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही आणि बाबा जेवायचे थांबलेले असतात. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. कितीदा सांगितलं, जेवून घेत जा. "एकट्याला घास उतरत नाही," म्हणतात. मग मी बसते त्यांच्यासमोर, डोळे मिटत मिटत.

लॅबमधल्या मैत्रिणीच्या इमारतीत एक खोली रिकामी होती. तिथून कामावर चालत जाता आलं असतं. मी खोली बघून आले होते, पसंतही केली होती. महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा होता आणि बाबांना सांगायला जीभ रेटत नव्हती.

तेवढ्यात पालिकेने रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी मार्गिका करायचं काढलं. दोन्ही बाजूंना कठडे, आत फक्त बस, थांबा बसच्या दाराच्या उंचीचा, सिग्नलला बस आधी. मला वाटलं, हे झालं तर खोली नको, बाबांना सोडायला नको. दुकानदारांचं मात्र डोकं फिरलं, कारण गाड्या लावायची जागा जाणार होती. फर्निचरवाल्यांनी विरोधाची समिती काढली. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. कपाट विकत घेऊन कोणी बसने नेत नाही. पण पालिकेने लोकांचं म्हणणं ऐकायला ठेवलेल्या शनिवारच्या सभेसाठी त्यांनी हुकमाचा एक्का निवडला तो माझाच बाप.

बाबांनी उभी नोकरी याच रस्त्यावर बस चालवण्यात काढली. मार्गिकेचं नाव काढलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. "ड्रायव्हर हाताचा पक्का असेल तर बस कुठूनही निघते," ते म्हणत. "हे नाचता येईना अंगण वाकडं." मी वाद घालायचं सोडून दिलं होतं. वाद घालायलाही जोर लागतो.

सभेच्या आदल्या दिवशी त्यांना डोळे तपासायला लॅबजवळच्या दवाखान्यात जायचं होतं. नोकरी सुटल्यावर ते गर्दीच्या वेळी बसमध्ये बसलेच नव्हते. सकाळी आम्ही बरोबर निघालो. त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली आणि त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक मारू लागला. "आता घाल डावीकडे," ते पुटपुटत होते. डावीकडे घालायला फटच नव्हती. पुलाच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. मागून कोणीतरी म्हणालं, "ड्रायव्हरसाहेब, चादर आहे का? पसरून झोपतो." कोणी हसलं नाही. हा विनोद आम्ही रोज ऐकतो.

उकडत होतं. बाबांनी पाण्याची बाटली पुढे केली. मी ओठ ओले केले, घोटभर तोंडात फिरवून गिळलं आणि बाटली परत दिली. त्यांनी ती घेतली नाही. माझ्याकडे बघत राहिले.

"हे कधीपासून करतेस?"

"काय?"

"सकाळी चहाही नको म्हणालीस. आता हे."

"बाबा, बस अडकली तर उतरून जायचं कुठे? दुपारपर्यंत मी पाणी पीतच नाही. सगळ्याच बायका असंच करतात."

बाबांवर मूतखड्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली आहे. दोन्ही वेळा त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, इंजिनाच्या उष्णतेने झालं.

"आम्हीही असंच करायचो," ते हळूच म्हणाले. "सगळे ड्रायव्हर."  नंतर दवाखाना येईपर्यंत त्यांचा पाय ब्रेक मारायला हलला नाही.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. पालिकेच्या इंजिनिअर बाईंनी नकाशा दाखवला. पूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा फक्त गाड्या वाढल्या, म्हणून आता जास्त माणसं नेणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, असं त्यांनी समजावून सांगितलं. लोक जांभया देत होते. मग फर्निचरवाल्यांनी मोठ्या आदराने बाबांना उभं केलं.

"मी बस कुठूनही काढायचो, हे खरं आहे," बाबा म्हणाले. "लोक कौतुक करायचे. पण त्यासाठी मी दिवसच्या दिवस तहानलेला बसायचो. मला वाटायचं, ही कामाची शिस्त आहे. काल कळलं, माझ्या मागे बसणारेही तेच करत होते. आता माझी पोर करते आहे. माझं पोट दोनदा फाडलं, तिचं फाडू देणार नाही. बसला तिची वाट द्या. मला एवढंच सांगायचं होतं."

फर्निचरवाले बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत राहिले. मला बाबांचा अभिमान वाटला आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. आता घर सोडायला नको, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

मागून कोणीतरी विचारलं, "पण बाई, मंजूर झालं तर बस कधी धावणार?"

"सगळं सुरळीत झालं तर चार वर्षं," बाई म्हणाल्या. त्याही थकलेल्या दिसत होत्या.

परतताना बाबा माझा हात धरून चालत होते. पदपथावर लावलेल्या गाड्यांमधून वाट काढत आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो.

"तुझ्या लॅबजवळ एखादी खोली मिळेल का गं?" त्यांनी विचारलं.

मी थांबले. खोली तर बघून ठेवलेली होती.

"चार वर्षं तू असं काढायचं नाहीस," ते म्हणाले. "बघ खोली."

"आणि तुमचं जेवण?"

"जेवेन की. पोटाला कळतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "रविवारी येत जा. रविवारी रस्ता मोकळा असतो."

मी बरं म्हटलं. मला हवं होतं तेच मिळालं होतं आणि घरापर्यंत मला रडू आवरलं नाही.