नव्या पात्यांचं कुंकू

मी एक जुनी पाती आहे, मित्रांनो. जळकोटच्या इंद्रजितच्या ड्रोनची. रंगानं राखाडी, अंगानं प्लॅस्टिकची, पण तोलाला पक्की. आम्ही चौघी बहिणी. दोघी उजवीकडं फिरायच्या, दोघी डावीकडं. म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नसे आणि तोल पक्का म्हणून पोटाखालचा कॅमेरा थरथरत नसे. तामलवाडीपासून बेंबळीपर्यंत किती लग्नं वरून पाहिली! लोक म्हणायचे, "काय कॅमेरा हाय!" पातीला कुणी विचारलं नाही. वरातीत घोडीचं कौतुक होतं, नालाचं कोण करतो?

दसऱ्याच्या तोंडावर इंद्रजितनं काळ्याभोर, कडक कार्बनच्या पात्या आणल्या आणि आम्हाला डब्यात टाकलं. हरकत नाही. सून आली की सासूनं चूल सोडावी, एवढं मला कळतं. पण खंडेनवमीला त्याच्या आईनं, कडूबाईनं, त्या नव्या पात्यांना ओल्या हळदीकुंकवाची बोटं लावली, वर तांदूळ. आमच्या वेळी ड्रोनच्या नुसत्या पेटीला बोट लावून भागवलं होतं!

तुळशीचं लग्न झालं आणि इंद्रजितच्या धाकट्या बहिणीचं, शिवांजलीचं, लग्न आलं. हळदीच्या दिवशी ड्रोन उडाला आणि चित्र असं थरथरलं, जणू मांडव पाण्यात बुडालाय.

"आई, कॅमेऱ्याला हीव भरलंय का काय!" इंद्रजित ओरडला.

"नजर लागली आसंल," कडूबाई म्हणाली. "थांब, आनखी एक बोट लावते."

मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं. अहो, पाती म्हणजे हलकी जात. एका टोकाला वाळलेली हळद आणि तांदळाचा दाणा चिकटला की तोल गेलाच. त्यातून नवी पाती कडक, लवायची नाही. सगळा हादरा सरळ कॅमेऱ्याला देणार.

शिवांजलीनं भावाला बजावलं, "दादा, माज्यावर अक्षता एकदाच पडनार. त्या आशा हलल्या, तर सासरहून राखी येनार न्हाय."

इंद्रजितचं तोंड उतरलं. लग्नाच्या सकाळी त्यानं डबा उघडला. "चला बायांनो, आज लाज राखा."

बायांनो म्हणाला! आम्ही विरघळलो. पुन्हा चढलो. अक्षता उडाल्या, शिवांजलीनं वर बघून डोळे टिपले, ते चित्रात लख्ख आलं. केसभर हललं नाही.

मांडवात भागवतमामांनी ते मोबाईलवर पाहिलं. "इंद्रजित, यवढं स्थिर? काय केलंस रं?"

"नव्या कार्बनच्या पात्या टाकल्यात, मामा."

आम्ही त्याच्या पायाशी होतो, ड्रोनवरच. उतरताना चिकटलेली त्याच्याच बहिणीची एक ओली अक्षता माझ्या अंगावर होती.

पुढं नव्या पात्या नळाखाली धुतल्या गेल्या. खोटं कशाला बोलू, नीट उडाल्या. आम्ही परत डब्यात.

मित्रांनो, जुनं उतरवा, नवं आणा. त्याचं दुःख नाही. पाती पुसून, तोल बघून उडवा. कुंकू लावायचंच तर पेटीला लावा. पण वेळेला ज्यानं लाज राखली, त्याचं नाव निदान त्याच्यासमोर तरी दुसऱ्याला देऊ नका.

ती अक्षता माझ्या अंगावर वाळून घट्ट बसली आहे. आता मला कुणी उडवलं, तर चित्र थरथरेल.

थरथरू दे.