तांबडं फडकं

रोहिणी लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पाणी कुठं, पीठ कुठं हे दाखवायच्या आधी सासूनं तिला भिंतीवर आडवी टांगलेली बंदूक दाखवली होती. "हिच्या तोंडाम्होरून जायचं न्हाई," साखराबाई म्हणाली होती, "आन तोंडाचं फडकं सोडायचं न्हाई." कावून म्हणून विचारायची नव्या सुनेची काय बिशाद! तिनं मान हलवली.

बंदूक नवऱ्याच्या आज्याची, बंकटरावांची. ठासणीची. तोंडातून दारू घालायची, शिशाच्या गोळ्या घालायच्या आणि गजानं ठासायचं, असा जुना प्रकार. ती वाजल्याचं वस्तीवर कुणालाच आठवत नव्हतं. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं, तोंडावरच्या तांबड्या फडक्यावर साखराबाई नवं तांबडं फडकं बांधायची आणि घरदार पाया पडायचं. फडक्यावर फडकी चढून तिथं चांगलं गाठोडं झालं होतं. देवाचं काही असेल, असं रोहिणीनं धरलं होतं. तिच्या नवऱ्यानं, भागवतनंही तेच धरलं होतं, आणि तो तर याच घरात जन्मलेला!

यंदा दसरा जवळ आला आणि भागवतच्या डोक्यात खूळ शिरलं. मोबाइलवर कुणी गोरा माणूस गंजकी रायफल घासूनपुसून नवी करताना त्यानं पाहिला, आणि याचे हात शिवशिवले. आई धारूरच्या बाजाराला गेल्याचं बघून त्यानं बंदूक खाली काढली.

"आवो, आत्यांना तर येऊ द्या," रोहिणी म्हणाली.

"आई आल्यावर करू देती व्हय? गप बस. दसऱ्याला हिच्यासंगं कसा फोटो टाकतो, बघ."

फोटो म्हणताच रोहिणीला पोलीस आठवले. बंदुकीबरोबरचे फोटो टाकणाऱ्या पोरांना पोलीस उचलून नेतात, हे सारखं कानावर येत होतं. हिचा परवाना आज्याच्या नावाचा, आणि आजा कधीच गेलेला. तिला दारात जीप दिसायला लागली. रस्त्यानं मोटरसायकल गेली तरी ती दचकून फाटकाकडं बघायची. बिचारी नको तिकडं बघत होती.

भागवतनं फडकी विळ्यानं कापून उकिरड्यावर भिरकावली. तोंडात काळंकुट्ट मेण घट्ट बसलं होतं. पूजेचं तेलतूप साचलं असेल म्हणून त्यानं ते तारेनं उकरून काढलं. एक डोळा मिटला, दुसरा थेट तोंडाला लावून आत पाहिलं. रोहिणीनं पदर तोंडाशी नेला.

"गंज लई हाय आत. गज बी पुरा जात न्हाई," तो म्हणाला.

मग त्यानं लोखंडी नळी लाकडापासून सुटी केली. लाकूड मात्र त्यानं झकास केलं, खोटं कशाला बोला. पॉलिश पेपरनं घासून जवसाचं तेल चोळलं, तशा लाकडाच्या सगळ्या रेघा उजळून वर आल्या. रोहिणीलाही ते क्षणभर आवडलं.

आतला गंज मागून काढावा, तर नळीच्या मागच्या टोकाचा बोल्ट काही सुटेना. विहिरीवरची मोटर भागवत स्वतःच दुरुस्त करायचा. जाम बोल्ट तापवला की सुटतो, हे त्याला पाठ. अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल पेटलेली होती. त्यानं नळीचं मागचं टोक निखाऱ्यात सारलं, तोंड विटेवर टेकवलं आणि पाना आणायला आत गेला.

रोहिणीनं नळीच्या तोंडासमोर पाहिलं. अंगणाच्या पलीकडं बाजेवर तिची अंजू बसली होती. मांडीवर पाटी, पाटीवर अर्धा काढलेला मोर.

रोहिणीला काही कळलं होतं असं नाही. दारूचं, मेणाचं, कशाचंच तिला ठाऊक नव्हतं. तोंडाम्होरून जायचं न्हाई, एवढंच आठवलं आणि ती घाबरली. इतकी घाबरली, की तिची तिलाच लाज वाटली.

"अंजे, इकडं ये."

"कावून?"

"ये म्हणते ना!"

"पिसारा ऱ्हायलाय, आई."

सरळ गेली असती तर पोचायला कितीसा वेळ! पण सरळ वाट तोंडाम्होरून होती, आणि पाय तिकडं वळेनात. ती लिंबाला वळसा घालून गव्हाणीमागून धावली, मनात स्वतःलाच शिव्या घालत. बाजूनं पोरीचं बखोट धरलं आणि तिला ओढलं. पाटी बाजेवरच राहिली. अंजूनं रडायला तोंड उघडलं आणि बार उडाला.

चूल फुटली, निखारे उडाले, नळी मागं जाऊन भिंतीवर आदळली. गाईनं दावं तोडलं. धूर विरला तेव्हा बाजेची नवार फाटून लोंबत होती आणि पाटीच्या ठिकऱ्या झाल्या होत्या. रोहिणी पोरीच्या अंगावरून हात फिरवत राहिली. डोकं, पाठ, पोट, पुन्हा डोकं. रक्त कुठंच नव्हतं, तरी तिचा हात थांबेना.

भागवत पाना घेऊन दारात उभा होता. तो उकिरड्याकडं गेला, तांबडं फडकं उचलून आणलं आणि पोळत्या नळीच्या तोंडाला बांधायला लागला. बोटं भाजत होती, गाठ काही बसत नव्हती.

आवाज ऐकून साखराबाई वाटेवरूनच पळत आली होती. तिनं पिशव्या फाटकातच टाकल्या. फुटकी चूल पाहिली, बाज पाहिली, अंजूचं तोंड दोन्ही हातांत धरून नीट पाहिलं. मग ती लेकाकडं वळली.

"आता कावून बांधतो? आता रिकामी झाली की ती."

रोहिणीनं मान वर केली. "आत्या, भरल्याली हाय हे तुमाला म्हाईत व्हतं?"

"रझाकाराच्या साली मामंजींनी भरलती. कुणी आलं न्हाई, तवा तशीच ऱ्हायली. ठासल्याली दारू उपसायला कुणाचा हात धजला न्हाई."

"मग आमाला सांगितलं कावून न्हाई?"

साखराबाईला तो प्रश्नच कळला नाही.

"सांगायचं काय त्यात? फडकं बांधल्यालं दिसत न्हवतं का?"