सासूबाईंच्या मापाचं टेबल

आईंची कंबर धरली ती एका सदऱ्याच्या कॉलरवर इस्त्री फिरवताना. तशातही त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि मगच त्या खाली बसल्या. कापड जळू दिलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी ऐकावं लागायचं, कंबरेचं नंतर.

लाँड्री त्यांच्या सासूबाईंनी काढलेली. नाकावर माशी बसू न देणारी बाई. इस्त्रीचं टेबलही त्यांनीच उभं राहून सुताराकडून करून घेतलेलं. सासूबाई बुटक्या, आई ताडमाड. तरी त्यांच्या माघारी आईंनी त्याच टेबलावर वाकून दुकान चालवलं, पोराला शिकवलं, वर माडी चढवली. टेबलाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

कंबर धरल्यावर इलाजही आईंनीच ठरवला: शेक, मलम आणि अजिबात हलायचं नाही. पडून पडून पाठीचं लाकूड झालं.

"आई, टेबल आता सूनबाईकडे दे," मुलगा म्हणाला. "तू गल्ल्यावर बस."

"शोभेची बाहुली आहे का मी?"

शेवटी सुनेनं फिजिओथेरपीवाल्या बाईंना घरी आणलं. त्यांनी आईंचे पाय एकेक करून उचलले. पायाला मुंग्या येतात का, बधिरपणा वाटतो का, लघवीला काही त्रास आहे का, सगळं विचारलं.

"नस दबलेली दिसत नाही. स्नायू दमलेत, आणि झोपून आणखी आखडलेत. आजपासून थोडं थोडं चालायचं. मी सांगते ते व्यायाम करायचे. काम कसं करता तेवढं दाखवा."

आई भिंत धरून दुकानाच्या दारापर्यंत आल्या. पुढे होईना, म्हणून सून टेबलाशी उभी राहिली. सूनही उंच. आईंनीच पसंत केलेली, शेजारी उभी राहिली तर खांद्याला खांदा लागेल अशी. ती वाकली, दोन सदरे केले, आणि तिचा एक हात आपसूक कंबरेवर गेला.

"हे कधीपासून?" आईंनी विचारलं.

"होतं अधूनमधून."

"मग तोंड शिवलं होतं का?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत, आई. मी कोणत्या तोंडानं बोलू?"

आई टेबलाकडे बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "सुताराला बोलाव. पाय वाढवायचेत."

"आजीच्या टेबलाचे?"

"तुझ्या आजीनं दुसऱ्याच्या मापाचं टेबल वापरलं होतं का? स्वतःच्या मापाचं करून घेतलं. मी तिचीच सून. मी काय म्हणून वाकू, आणि ही तरी काय म्हणून?"

सुतार आला. आई ताठ उभ्या राहिल्या, हात कोपरात वाकवला आणि म्हणाल्या, "या कोपराच्या चार बोटं खाली. हिचंही माप घे, फरक पडायचा नाही."

व्यायामाला त्यांनी दांडी मारली नाही. बाईंनी सांगितल्यावर पुन्हा टेबलाशी आल्या, कंबरेवर ताण नको म्हणून एक पाय ठोकळ्यावर, मग दुसरा, आणि मध्ये सुनेशी पाळी बदलायची. दोघींच्या पाठी सरळ. येणारंजाणारं गिऱ्हाईक बघायचं, आणि आई बघू द्यायच्या.

एकदा मुलानं हौसेनं इस्त्री हातात घेतली. उंचीनं तो आजीवर गेलेला. कोपरं पार खांद्यापाशी आली.

"आई, मला हे उंच पडतंय."

"मग तू गल्ल्यावर बस," आई म्हणाल्या.