भरल्या पोटाची झोप

मित्रांनो, मी 'टीरा' नावाच्या लाकडी बोटीतली डिझेलची टाकी. वय विचारू नका. अंगावरचा हिरवा रंग चौथ्यांदा दिलेला आहे, एवढं पुरे! फिनलंडच्या एका चिमुकल्या बेटावर टाउनोने स्वतःच्या हातांनी पत्रा वाकवून मला घडवलं. एक जोड जरा तिरका आला. त्याची बायको हिल्का हसत म्हणाली, "अगदी तुझ्या नाकावर गेलीय हो!" हेच माझं पहिलं कौतुक.

मग काय ते उन्हाळे! मेंढ्या चरायला पलीकडच्या खडकाळ बेटांवर न्यायच्या, जाळी टाकायची, एकदा तर लग्नाचा केकसुद्धा माझ्याच जोरावर समुद्रापार गेला. पण खरं सांगू? मला आवडायचा तो ऑक्टोबर. समुद्र गोठण्याआधी बोट शेडमध्ये ओढायची असे. त्याआधी टाउनो कापडातून गाळून डिझेल भरायचा, गळ्याखाली फक्त दोन बोटं जागा ठेवून. थोडा वेळ इंजिन चालवायचा, तोटी बंद करायचा आणि माझ्या पोटावर बोटांनी तीनदा वाजवायचा. भरल्या पोटाने मी म्हणायचे, 'थप्प!'

"झोप आता, म्हातारे," तो म्हणायचा. मी तेव्हा नवीकोरी होते बरं का!

एका उन्हाळ्यात टाउनो गेला. त्या ऑक्टोबरात हिल्का शेडकडे फिरकलीच नाही. टाम्पेरे शहरातून तिचा जावई यार्को आला. मनाचा चांगला, हाताचा घाईचा. बोट ओढायला हलकी व्हावी म्हणून त्याने माझं अर्धं डिझेल उपसून काढलं. वाजवून कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं, तर 'टण्ण' करून मी सगळं सांगून टाकलं असतं! हिवाळाभर माझ्या रिकाम्या अर्ध्या अंगाला आतून घाम फुटत राहिला आणि थेंब थेंब पाणी तळाशी साचलं.

बर्फ वितळलं. हिल्का आणि यार्को मेंढ्या घेऊन निघाले आणि भर समुद्रात इंजिन खोकून बंद पडलं. शेजाऱ्याने दोर बांधून ओढत आणलं. यार्को दुसऱ्याच दिवशी पांढरीशुभ्र प्लास्टिकची टाकी घेऊन हजर!

"सासूबाई, ही गंजकी काढून टाकू या."

त्याने माझा एक बोल्ट काढलासुद्धा. माझ्यातलं उरलंसुरलं डिझेल थरथरलं.

"थांब रे जावईबापू, आधी बरणी आण." हिल्काने माझी तळाची तोटी उघडली आणि बरणी उजेडात धरली. "गंज कुठाय यात? नुसतं पाणी आहे. किती भरली होतीस रे?"

"अर्धी... हलकी व्हावी म्हणून."

"हिवाळ्यात टाकी भरलेलीच ठेवायची असते. ऐन थंडीत मेंढी कातरशील का?"

"मी शहरातला, मला मेंढीतलं काय कळतं!"

"ते दिसतंच आहे."

आणि दोघंही हसत सुटले. माझा बोल्ट परत बसला. पांढरी टाकी आता वाफेच्या न्हाणीघरात पाणी साठवते, सुखात आहे.

पुढच्या ऑक्टोबरात यार्कोने डिझेल ओतलं आणि हिल्काने कापड धरलं. "बस्स! दोन बोटं!" इंजिन चाललं, तोटी बंद झाली. यार्को दोर आणायला गेला, तरी हिल्का तिथेच उभी.

मित्रांनो, एखादी वस्तू ठेवून द्यायची वेळ आली, तर तिला अर्धवट सोडून जाऊ नका. जाता जाता एकदा वाजवून बघा. आम्हाला खोटं बोलता येत नाही.

हिल्काने अंगठीच्या बोटाने वाजवलं. एकदा. दोनदा. मग बराच वेळ थांबून, तिसऱ्यांदा.

'थप्प!' मी अगदी पोटातून म्हणाले.

"झोप आता, म्हातारे," ती म्हणाली.